अर्धं गाऱ्हाणं

"व्हय म्हाराजा!"

अठ्ठावीस पोरं एका दमात ओरडली. शेजारी आठवीच्या वर्गात पाटकर सरांचा फळ्यावर चाललेला खडू थांबला, हे मला भिंतीपलीकडूनही कळलं. माझ्यासमोर अंकुश परब डोळे मिटून, हात जोडून उभा होता आणि चांगलाच रंगात आला होता.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या तुज्या लेकराक गणितात पस्तीस मार्क गावूक होये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मार्चच्या परीक्षेक गावूक होये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्यासाठी मी रोज सकाळी धा गणिता सोडवतलंय..." इथे अंकुशनं एक डोळा उघडून अंदाज घेतला. "पाच गणिता सोडवतलंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाटकर सर दारात येऊन उभे राहिले. ते आमचे मुख्याध्यापक. त्यांनी चष्म्यावरून आधी अंकुशकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "कोरे बाई, हा ध्येयाचा तास चाललाय ना?"

"हो सर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याचं असं झालं होतं. मी सोलापूरकडची. वय चोवीस. नोकरी मिळाली ती थेट कोकणात, कोंडवळच्या माध्यमिक शाळेत. शाळेत सगळ्यांत नवी मी, म्हणून जे काम कुणाला नको ते माझ्या गळ्यात. त्या वर्षी वरून फर्मान आलं होतं की नववीच्या मुलांना दर शनिवारी एक तास 'जीवनातील ध्येय' शिकवावं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, एक वही मिळाली आणि वहीत चार प्रश्न होते. काय करायचंय? कधीपर्यंत? त्यासाठी रोज काय करणार? कोणाची मदत लागेल?

पहिल्या शनिवारी मी मोठ्या उत्साहानं मुलांना ध्येयं लिहायला लावली. अकरा जणांना कलेक्टर व्हायचं होतं, नऊ जणांना डॉक्टर, आणि उरलेल्यांनी शेजाऱ्याचं बघून लिहिलं होतं. 'रोज काय करणार' याच्यापुढे सगळ्यांचं उत्तर एकच, 'अभ्यास'. एकानं मात्र 'अभ्यास (जमेल तसा)' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

म्हणून दुसऱ्या शनिवारी मी म्हटलं, कलेक्टर-बिलेक्टर राहू दे. मार्चपर्यंत खरोखर करून दाखवाल असं एकच काहीतरी सांगा. आणि उभं राहून, मोठ्यानं सांगा. तर सगळ्यांच्या माना खाली. पंधरा मिनिटं मी नुसती फळा पुसत होते. शेवटी अंकुश उठला. साधं बोलणं त्याला जमेना, तेव्हा त्यानं सरळ गाऱ्हाणं घालायला घेतलं.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे मला तोवर माहीतच नव्हतं. इकडे गावात कुणाचं काही अडलं, की देवळात नारळ ठेवायचा. गावकर, म्हणजे देवळाचा मानकरी, देवासमोर उभा राहतो आणि त्या माणसाचं म्हणणं खणखणीत आवाजात देवाला सांगतो. प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. पोरांनी हे लहानपणापासून ऐकलेलं. साधं 'मी अमुक करीन' म्हणताना ज्यांची दातखीळ बसत होती, ती आता एकापाठोपाठ एक उठायला लागली. वहीतले चारही प्रश्न गाऱ्हाण्यात चपखल बसले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

"बाई, तुमचा ध्येय काय?" मध्येच कुणीतरी विचारलं.

"मी एम.ए. करणार आहे," मी म्हटलं.

ही थाप होती. माझं खरं ध्येय ठरलेलं होतं, आणि माझ्याइतकी चारही प्रश्नांची उत्तरं कुणाकडे तयार नव्हती. काय करायचंय? कोंडवळ सोडून घराकडे जायचंय. कधीपर्यंत? जूनच्या आत. रोज काय करणार? पोस्टमनची वाट बघणार. मदत कोणाची? मामांची. त्यांच्या ओळखीच्या संस्थेत माझा अर्ज गेला होता. इथला दमट उकाडा, माशांचा वास, पुढच्या वाडीत जायलाही चढउतार आणि संध्याकाळी सहानंतर बोलायला माणूस नाही, या सगळ्याला मी विटले होते.

सगळ्यांत शेवटी सुगंधा मांजरेकर उठली. काटक, सावळी, फारसं न बोलणारी मुलगी. तिनं हातही जोडले नाहीत.

"माका शिमग्याच्या आदी आमच्या दारातल्या माडार चढून माज्या हातान नारळ काढूचे आसत."

कुणीच 'व्हय' म्हटलं नाही. मागून अंकुश म्हणाला, "चेडू? माडार?" मुलगी आणि माडावर, या कल्पनेनंच वर्ग खिदळला.

मी तिला वही घेऊन टेबलाशी बोलावलं. तिचा बाप बाबल मांजरेकर अख्ख्या वाडीचे माड चढायचा. आदल्या वर्षी तो वरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून काठीशिवाय त्याला चालता येत नव्हतं. आई काजूच्या कारखान्यात जायला लागली होती. जूनपासून सुगंधाही जाणार होती, शाळा सोडून.

"मी माड चढूक शिकलंय तर सकाळी नारळ काढून अकराक शाळेत येतलंय," ती म्हणाली. "मगे कारखान्यात जावक नको. धावी होतली, बाई."

वहीत चौथ्या प्रश्नापुढे तिनं लिहिलं होतं, 'बापूस'. आणि कंसात, 'नाय म्हणता'.

पोरगी चाळीस-पन्नास फुटांवरून पडली तर? "सुगंधा, हे नको गं," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी लिही. अक्षर सुधारणं वगैरे."

"तुमीच म्हटल्यात, खरा आसात ता सांगा."

मी वही मिटून तिच्या हातात दिली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

सोमवारी सकाळी शाळेत देवळाचे मानकरी तातू गावकर हजर. सत्तरीचा माणूस, धोतर, खांद्यावर पंचा. त्यांचा नातू माझ्याच वर्गात होता, त्यामुळे बातमी कुठून गेली ते विचारायला नको होतं. पाटकर सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"बाईनू," तातू म्हणाले, "तुमी आमच्या देवाक हाक मारल्यात?"

"नाही हो, मुलं जरा गंमत म्हणून..."

"अठ्ठावीस येळा हाक मारल्यात. देव येवन हुबो रवलो आनी फुड्यात नारळ नाय! पावण्याक बोलवूचा आनी पानीय नाय इचारूचा?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. खोटं कशाला सांगू, त्या विचारानं क्षणभर बरंही वाटलं.

"चुकूचा काय त्येच्यात? गाऱ्हाणा अर्धा रवला, ता पुरा करूचा. येत्या सोमवारी सांजचे सगळ्यांका देवळात घेवन येवा. दर पोराचो एक नारळ. आनी ज्येका जा होया ता कागदार लिवन आणा. माका एवढ्या जणांचा तोंडपाठ रवाचा नाय." जाता जाता ते वळले. "ते चार प्रश्न चांगले आसत हां तुमचे. नायतर लोक येतत, म्हणतत बरा कर. काय बरा, कधी बरा, कायेक सांगनत नाय. देवान तरी काय करूचा?"

मधल्या सुट्टीत मी कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या. सुगंधा चिठ्ठी घेऊन तिथेच रेंगाळली.

"बाई, ज्येची मदत होयी त्येका आदी इचारूक लागता?"

"विचारलेलं बरं."

"आनी तो नाय म्हणालो तर?"

"हो म्हणेपर्यंत विचारायचं," मी म्हटलं. तिनं अक्षर सुधारण्याबद्दल काहीतरी लिहिलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि चिठ्ठ्या न वाचताच गठ्ठा तातूंकडे पाठवून दिला.

सोमवारी देऊळ गच्च भरलं होतं. आपल्या पोरानं देवाकडे काय मागितलंय, ते ऐकायला सगळ्यांचे आईबाप आले होते. देवापुढे एकोणतीस नारळ मांडले होते. बाबल मांजरेकर खांबाला टेकून बसला होता, काठी मांडीवर आडवी. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. रुंद खांद्यांचा माणूस, पण पाय सुकलेले.

तातूंनी चिठ्ठ्या हातात घेतल्या, खाकरले आणि सुरू झाले. त्यांच्या आवाजाला अशी लय होती, की दोन-तीन वाक्यांनंतर माणूस अर्थाकडे न बघता ठेक्यावरच 'व्हय म्हाराजा' म्हणायला लागायचा. मीसुद्धा म्हणत होते. अंकुशची पाच गणितं झाली. एका मुलीला शाळेच्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचायची होती, तेही झालं. मग तातूंनी वाचलं, "ह्या राण्यांच्या झिलाक तंबाखूची पुडी सोडूची आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, आणि त्यांच्यातच राण्यांच्या त्या मुलाची आईही होती. मग तिला उमजलं. "पुडी? कसली पुडी रे मेल्या?" देवळात हशा पिकला. त्या पोराची तंबाखू सुटायला मार्चसुद्धा उजाडावा लागला नाही, ती तिथेच सुटली.

हशा विरतोय तोवर तातूंनी पुढची चिठ्ठी उघडली.

"बा देवा म्हाराजा! ह्या बाबल मांजरेकराचा चेडू, सुगंधा!"

"व्हय म्हाराजा!"

"शिमग्याच्या आदी आपल्या दारातल्या माडार चढून नारळ काढूचे म्हणता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिच्या बापाशीन हिका रोज सकाळी चढूक शिकवूचा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या वर एक आवाज होता, भरदार, लांबवर जाणारा. माडावरून 'खाली बगा रेऽऽ' ओरडायची ज्याला तीस वर्षांची सवय, त्या माणसाचा. बाबलनं डोळे मिटून, मान डोलवत 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं, आणि इतरांपेक्षा अर्धा क्षण मागे राहिल्यामुळे ते शेवटी एकट्याचंच ऐकू आलं होतं.

बाबलनं डोळे उघडले.

"तातू," तो म्हणाला, "काय वाचलंस?"

"लिवला हा ता."

"माका न इचारता?"

"आता इचारलंय मा? तू व्हय म्हटलंस."

"अरे मी आपला सगळ्यांबरोबर... सवयीन..."

"देवाक सवय-बिवय कळना नाय," तातू चिठ्ठी घडी घालत म्हणाले. "सगळ्या गावान ऐकला. व्हय म्हणजे व्हय."

बाबलनं देवाकडे पाहिलं. मग पोरीकडे. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. हे सगळं ठरवून केलेलं आहे, बापाची सवय तिला पुरती ठाऊक आहे, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. चौथ्या प्रश्नाचा असा उपयोग प्रशिक्षणात कुणी शिकवला नव्हता. बाबल खांबाला धरून उठला आणि कुणाशी न बोलता काठी टेकत बाहेर गेला.

चिठ्ठ्या संपल्यावर तातूंनी माझ्यासाठीही काहीतरी गाऱ्हाणं घातलं. माझं लक्ष दाराकडे होतं. त्या माणसाच्या घरी आज काय होईल, या काळजीत मी सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळी झाले.

मंगळवारी सुगंधा शाळेत आली नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी सकाळी मी आठ वाजताच मांजरेकरांच्या वाडीत गेले. मनात माफीची दोन-तीन वाक्यं जुळवली होती. ती बोलायची वेळच आली नाही.

दारातल्या माडाखाली बाबल दगडावर बसला होता. माडाभोवती गवताच्या पेंढ्या पसरलेल्या. सुगंधाच्या कमरेला दोर, पायात काथ्याचा फास. ती जमिनीपासून जेमतेम दोन हात वर होती, आणि खाली उतरत होती. उतरली. परत दोन हात चढली. परत उतरली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"उतरूक शिकता," बाबल म्हणाला. "चढूक काय, माकडय चढता. आदी उतरूक येवक होया." मग पोरीकडे वळून, "वर कित्याक बगतंस? तुजा डोक्या माडापेक्षा मोठा आसा? हातभर बग. पुढची खाच बग. तितक्याच पुरे."

माडाच्या बुंध्याला, दोन हातांवर, लाल फडकं बांधलेलं होतं. त्याच्या वर जायचं नाही. फडक्यापर्यंत दहा वेळा चढायचं, दहा वेळा उतरायचं, आणि एकदाही पाय थरथरला नाही तर दुसऱ्या दिवशी फडकं हातभर वर सरकणार. थरथरला तर तिथेच राहणार. असा तो नियम होता.

"तुम्ही रागावला नाहीत?" मी घाबरत घाबरत विचारलं.

"रागावलंय तर!" तो म्हणाला. "दोन दिस जेवलंय नाय. पण देवासमोर व्हय म्हटलंय, बाईनू. आता नीट शिकवलंय नाय तर तो माका इचारतलो." आणि मग सुगंधावर ओरडला, "फास घट कर!"

शुक्रवारपासून ती शाळेत यायला लागली. दर शनिवारी ध्येयाच्या तासाला ती फक्त आकडा सांगायची. "चार हात." "सात हात." एका आठवड्यात "सातच." मुलं पहिल्यांदा हसायची, मग तीच विचारायला लागली, फडकं कुठे आलं? अंकुशनं वर्गाच्या भिंतीवर खडूनं एक माड काढला आणि त्याच्यावर खुणा करायला लागला. स्वतःच्या गणितांच्या खुणाही तो शेजारी करायचा. त्यातल्या काही खोट्या आहेत, असा मला संशय होता.

होळीच्या आधीचा रविवार उजाडला. माझ्या पर्समध्ये चार दिवसांपूर्वी आलेलं एक पत्र होतं. मामांच्या ओळखीच्या संस्थेनं मला जूनपासून नेमलं होतं. पण ते मी बाजूला ठेवलं आणि सगळा वर्ग घेऊन मांजरेकरांच्या दारात गेले. अर्धी वाडी आधीच जमली होती. तातू खुर्ची मागवून बसले होते. लाल फडकं माडावरून सुटून बाबलच्या खांद्यावर आलं होतं. आज शेंड्यापर्यंत.

सुगंधानं कोयता कमरेला खोचला, माडाला हात लावून कपाळाला लावला आणि चढायला लागली. न थांबता, न घाई करता. वीस हात. पंचवीस. आता झावळ्या तिच्या डोक्यावर तीन-चार हातांवर होत्या. खालची माणसं ओरडायला लागली, "शाबास गे!" "जा गे बाय, पोचलंस!"

आणि ती थांबली.

किती वेळ थांबली कोण जाणे. वाऱ्यानं माड हलत होता. मग तिचा एक पाय खाली आला, मग दुसरा. ती उतरत होती.

"भियाली," कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "चेडवाचा काम न्हय ता, मी आदीच म्हणी होतंय." मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अंकुशचं तोंड एवढंसं झालं. सुगंधा जमिनीवर उतरली, फास सोडला आणि बापासमोर उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पाय कितीदा थरथरलो?" बाबलनं विचारलं.

"दोनदा."

"मगे?"

"मगे उतरलंय."

बाबलची काठी हातातून गळून पडली. त्यानं दोन्ही हातांनी पोरीचं डोकं धरलं आणि तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर.

"बाईनू," तो मला म्हणाला, कारण मी सगळ्यांत जवळ होते. "त्या दिसा माजोय पाय थरथरलो हुतो. दोनदा. पण खाली मालकाचे मुंबयचे पावणे बगीत हुते. टाळये वाजवी हुते. माका उतरूची लाज वाटली." त्यानं नाक पुसलं. "हिका नाय वाटली. शिकला माजा चेडू. आता माका भिया नाय."

तातू खुर्चीतून उठले. "चला रे," ते म्हणाले, "जत्रा नाय ही. शिमग्याक अजून दोन दिस आसत."

सोमवारी पहिला तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. दारात सुगंधा उभी. केसांत माडाची कुसळं, हाताला खरचटलेलं आणि दोन्ही काखांत न सोललेला, सोडणासकट एकेक नारळ. ती सरळ आत आली आणि दोन्ही नारळ माझ्या टेबलावर ठेवले.

"काढलंय," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. वारो नाय हुतो."

"कोणी बघितलं?"

"बापाशीन. आनी एक कावळो हुतो."

मागच्या बाकावरून अंकुश उठला, त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि छाती भरून म्हणाला, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भिंतीपलीकडे पाटकर सरांचा खडू थांबला. पण या वेळी ते दारात आले नाहीत.

शाळा सुटल्यावर मी आणि सुगंधा देवळात गेलो. बाबल आणि तातू पायरीवर बसले होते. एक नारळ देवापुढे ठेवला. दुसरा सुगंधानं माझ्या हातात दिला.

"हा मी आईसाठी घेऊन जाईन," मी म्हटलं. आणि मग, आता सांगून टाकलेलं बरं म्हणून, सांगितलं. "मी जूनमध्ये जाणार आहे. तिकडे नोकरी मिळालीय."

मला वाटलं, तिघांनाही वाईट वाटेल. पण बाबलच्या मिशीखाली हसू फुटत होतं.

"कशा जातल्यात?" तो म्हणाला. "तुमी व्हय म्हटल्यात."

"मी? कशाला?"

सुगंधानं हात जोडले आणि हुबेहूब तातूंच्या आवाजात म्हणाली, "बा देवा म्हाराजा! ही घाटावरली बाय एकटी इली हा, म्हाराजा! आमच्या पोरांका वळण लावता, म्हाराजा! तिका हयच रुजान दी रे, म्हाराजा!" मग आपल्या आवाजात, "आनी तुमी म्हटल्यात, व्हय म्हाराजा. केवढ्यान म्हटल्यात!"

"अहो, माझं लक्ष नव्हतं! मी आपली सगळ्यांबरोबर..."

"सवयीन," बाबल म्हणाला.

तातू देवाकडे बघत दाढी खाजवत होते. "माका काय इचारू नकात," ते म्हणाले. "त्येकाच सांगा काय ता."

बाबल आता खदाखदा हसत होता. "माका सुटूक गावला नाय, बाईनू. तुमका कसा गावतला?"

मी त्या पायरीवरच बसले आणि हसले. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं सगळंच काही हसण्याचं नव्हतं. गावात येऊन मला नऊ महिने झाले होते. मी पोस्टमनची वाट बघत होते, आणि ही माणसं मला देवाकडे मागून घेत होती.

लगेच काही ठरलं नाही. तीन दिवस मी पत्र काढत होते, वाचत होते, परत ठेवत होते. शिमग्याची होळी पेटली, पोरं पालखीपुढे नाचली, अंकुशनं माझ्या नव्या साडीवर रंग टाकला. चौथ्या दिवशी मी मामांना लिहिलं की येत नाही. कारण काय लिहावं कळेना, म्हणून लिहिलं, 'इथे एक शब्द देऊन बसले आहे.'

त्याला आता तेवीस वर्षं होतील. अंकुशला गणितात छत्तीस मिळाले. सुगंधा दहावी झाली, बारावी झाली, पुढे शेतीची पदविका घेऊन कृषी खात्यात लागली. बाबल गेला चार वर्षांपूर्वी. त्या दिवशीचा नारळ आईकडे गेलाच नाही. तो शाळेमागे लावला, त्याचा माड झाला, आणि दर शिमग्याच्या आधी सुगंधा येऊन त्याचे नारळ काढते. वाऱ्याचा दिवस असला तर चहा पिऊन परत जाते.

नववीचा ध्येयाचा तास अजून मीच घेते. फळ्यावर आता पाच प्रश्न असतात. पाचवा बाबलचा, 'उतरायचं कधी?' मुलं आपापली उत्तरं लिहितात आणि दर वर्षी कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, तुमचा ध्येय काय हुता?"

मी आता थाप मारत नाही. "जूनच्या आत हयसून पळान जावचा," मी सांगते.

"मगे?"

"मगे काय," मी म्हणते, "व्हय म्हणान बसलंय."